काच दोन हजारांत बसते, ठाण्यात घेतलेल्या नावाचे काय?



गाडीची काच फुटली की माणूस आधी आत डोकावतो, काय गेले ते बघतो आणि अर्ध्या मिनिटात कुणाचे तरी नाव घेतो. सोलापुरात हे नाव ठरलेले आहे. "सेटलमेंटची पोरं असतील, दुसरं कोण?" हे वाक्य सवर्णांच्या कॉलनीतून आले तर आम्हाला नवल वाटत नाही. त्यांच्या आजोबांनीही तेच म्हटले होते. पण आता हे वाक्य आपल्या तोंडून ऐकू येऊ लागले आहे. मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेल्या गाडीचा मालक, आरक्षणातून नोकरीला लागलेला, १४ एप्रिलला मिरवणुकीत पुढे असणारा, असा आपला भाऊ हे वाक्य बोलतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. त्याला राग आला तरी चालेल, पण त्याने शेवटपर्यंत वाचावे.

आधी घडले काय ते सांगतो. आमच्या कामासाठी पाच-सहा जणांनी वर्गणी काढून एक जुनी वॅगनआर घेतली आहे. खेड्यात जायचे, अत्याचाराच्या प्रकरणात कुटुंबाला कोर्टात न्यायचे, रात्री-अपरात्री कुणाला सिव्हिलमध्ये पोचवायचे, एवढ्यासाठी ती आहे. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी बैठक चालू असताना बाहेर उभ्या गाडीची डावीकडची मागची काच कुणीतरी फोडली. सीटवर ठेवलेली बॅग गेली. बॅगेत पॉवर बँक, दोन पुस्तके, जेवणाचा डबा आणि एका प्रकरणाच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स होत्या. मूळ कागद सुदैवाने वकिलाकडे होते. म्हणजे चोराच्या हाती लागला तो डबा आणि पॉवर बँक.

दुसऱ्या दिवशी काच बसेपर्यंत आम्ही सेटलमेंटचे नाव तीन वेळा ऐकले. ठाण्यातल्या जमादाराने तक्रार लिहून घ्यायच्या आधीच विचारले, "संशय कुणावर? सेटलमेंटवाल्यांवर लिहू का सर?" सकाळी काच बसवायला गेलो तेव्हा मिस्त्री दरवाजा उघडता उघडता म्हणाला, "ती सेटलमेंटची पोरं असतील बघा, त्यांचा धंदाच आहे की ओ." आणि या दोघांच्या मधल्या वेळेत आमच्याच कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर फुटक्या काचेच्या फोटोखाली एका भावाने लिहिले, "पारध्यांना पोसता पोसता आपली पण वाट लागणार." त्या ओळीवर अकरा जणांनी अंगठा दिला. फोटो टाकून दहा मिनिटेही झाली नव्हती. चोर कुणी पाहिला नव्हता. सीसीटीव्ही कुणी तपासला नव्हता. तरी जात ठरली.

जमादाराचे समजू शकते, त्याला तसेच शिकवले गेले आहे. मिस्त्री ऐकीव बोलतो. पण ते अकरा अंगठे कुणाचे आहेत?

सेटलमेंट हे नाव कुठून आले, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? सोलापूरकर रोज 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असा पत्ता सांगतो, त्या नावाची रिक्षा पकडतो, पण 'फ्री' हा शब्द तिथे का आहे हे विचारत नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही आला. या कायद्याने जमातच्या जमात गुन्हेगार ठरवली. आईच्या पोटातले मूलही त्यातून सुटले नाही. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, भामटा अशा जमातींच्या माणसांची नावे यादीत लिहिली, बोटांचे ठसे घेतले, हजेरी लावली, पासाशिवाय फिरायला बंदी केली. आणि त्यांना ठेवायला तारेच्या कुंपणाच्या वसाहती केल्या. त्यांतली एक मोठी वसाहत आपल्या सोलापुरात होती. ती इथेच का, याचे उत्तर गिरण्यांच्या चिमण्यांत आहे. सोलापूरला गिरण्या होत्या, गिरण्यांना हात हवे होते, आणि तारेच्या आतला माणूस संप करून गावाला जाऊ शकत नव्हता. कायद्याला ते 'सुधारणा' म्हणत. मालकाला त्यातून हजेरीवरचा मजूर मिळत होता.

सोलापूरला मे १९३० चा अभिमान आहे. इंग्रजांची सत्ता काही दिवस शहरातून गेली, मग मार्शल लॉ आला, जानेवारी १९३१ मध्ये चार जण फासावर गेले. त्यांचे पुतळे आहेत, चौक आहे, आणि असायलाच हवेत. पण त्या काही दिवसांच्या स्वातंत्र्यातही त्याच शहरात तारेच्या आतली हजेरी होती. त्या माणसांचे स्वातंत्र्य शहराने कधी मोजलेच नाही. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे पाच वर्षे सोळा दिवसांनी. 'विमुक्त' हा शब्द तिथून आला. 'फ्री कॉलनी'तला 'फ्री' हा त्याच इतिहासाचा शब्द आहे. आणि आज आपण त्याच पत्त्याकडे बोट दाखवून म्हणतो, काच तिथल्यांनीच फोडली.

कायदा गेला, वही गेली नाही. मुंबई राज्याने १९५९ चा सराईत गुन्हेगार कायदा आणला. त्यात जातीचे नाव नाही, पण ठाण्यातली जुनी यादी समोर ठेवूनच 'सराईत' कोण ते ठरत आले. शिवाय चॅप्टर केस आहे, जी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२९ खाली होते. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ ते ५७ खालची तडीपारी आहे. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने भारताला हे सराईत गुन्हेगार कायदे रद्द करा म्हणून सांगितले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीची विभागणी रद्द केली, ते आपण सर्वांनी स्टेटसला ठेवले. पण त्याच निकालात पोलिसांसाठीही आदेश आहे. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अर्नेश कुमार (२०१४) आणि अमानतुल्ला खान (२०२४) या निकालांतील मार्गदर्शक सूचना पाळा, असे न्यायालयाने सांगितले आहे. तेवढा भाग मात्र आपल्या स्टेटसवर दिसला नाही. आपल्याशी त्याचा संबंध नाही असे आपल्याला वाटले.

संबंध कसा नाही? १९२८ साली मुंबई सरकारने दलित वर्ग आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची पाहणी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते ओ. एच. बी. स्टार्ट, म्हणजे इलाख्यातल्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा कारभार ज्यांनी उभा केला तेच अधिकारी. त्या समितीचे एक सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. समितीचा अहवाल १९३० साली आला. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तीन समूह एकाच रांगेत ठेवले: गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य. ज्या संस्कृतीतून असे तीन समूह जन्माला आले तिला संस्कृती कसे म्हणायचे, असा त्यांचा रोख आहे. बाबासाहेबांनी त्यांना चोर म्हणून वेगळे काढले नाही. चोर ठरवणाऱ्या व्यवस्थेवर त्यांनी बोट ठेवले. आपण त्यांच्या फोटोखाली उभे राहून नेमके उलटे बोट दाखवतो.

आणि २७ मे २००७ विसरलो का? त्या दिवशी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने भटक्या-विमुक्तांनी मोठ्या संख्येने धम्माची दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा त्यांनीही म्हटल्या. मग 'ती पोरं' आणि 'आपली पोरं' ही वाटणी गटावर कुणी केली?

आता जरा स्वतःच्या घरात बघू. गावात चोरी झाली की आधी झडती कुणाच्या वस्तीची होत होती? वतनदार महाराने चोराचा माग काढायचा, माग लागला नाही तर जबाब त्यानेच द्यायचा, ही गावकामगारी होती. एखादे ढोर मेले तरी विष महारवाड्यातून आले असा संशय. मांगवाड्यावर तर कायमची नजर. बाबासाहेब १९२८ पासून वतनाच्या कायद्याशी भांडले आणि १९५८ च्या कनिष्ठ गावकी वतन निर्मूलन कायद्याने ते जू उतरले. आपल्या आज्याने ज्या संशयाखाली आयुष्य काढले, तो संशय आपण पुसला नाही. फक्त पुढच्या वस्तीवर ढकलला आणि स्वतः गाडीत बसलो. समाजशास्त्राच्या वर्गात हॉवर्ड बेकरचे १९६३ चे 'आउटसायडर्स' शिकवतात. शिक्का मारला की माणूस तसा दिसू लागतो आणि शिक्का मारण्याची सत्ता कुणाकडे आहे यावर सगळे ठरते, हा त्याचा गाभा. बेकर वाचायची गरज नाही, आपल्या आजीला विचारले तरी ती हेच सांगेल.

फुटक्या काचेचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. 'ब्रोकन विंडोज' नावाचा सिद्धांत आपल्याकडचे पोलीस अधिकारीही भाषणात वापरतात. एक काच फुटकी ठेवली की बाकीच्याही फुटतात, म्हणून बारीकसारीक गोष्टींवरच कडक कारवाई करा, असा त्याचा सारांश. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ साली 'द अटलांटिक' मासिकात तो मांडला आणि त्यात फिलिप झिंबार्डोच्या १९६९ च्या प्रयोगाचा आधार घेतला. झिंबार्डोने एक गाडी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात नंबरप्लेट काढून, बॉनेट उघडून सोडली. दहा मिनिटांत लोक तुटून पडले, दिवसभरात ती रिकामी झाली. दुसरी गाडी कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोत आठवड्याहून जास्त काळ कुणी शिवली नाही. मग झिंबार्डोने स्वतः हातोडा घातला, आणि तिथलेही लोक सामील झाले.

पुढचा तपशील भाषणात कुणी सांगत नाही. ब्राँक्समधल्या गाडीवर सर्वांत आधी हात टाकणारे एक कुटुंब होते: बाप, आई आणि लहान मुलगा. रेडिएटर आणि बॅटरी त्यांनी नेली. मोडतोड करणारे प्रौढ बहुतेक नीटनेटक्या कपड्यांतले गोरे होते. आणि या प्रयोगावर उभ्या केलेल्या सिद्धांताने नव्वदीच्या दशकापासून न्यूयॉर्कच्या पोलिसांनी झडत्या कुणाच्या घेतल्या? काळ्या आणि लॅटिनो पोरांच्या. २०१३ साली तिथल्या फेडरल न्यायालयाने फ्लॉइड प्रकरणात ती झडतीची पद्धत घटनाबाह्य ठरवली. चांगल्या कपड्यातल्या कुटुंबाने बॅटरी नेली आणि अंग तपासले गेले वस्तीतल्या पोराचे. सोलापूर न्यूयॉर्कहून फार लांब नाही.

आता काचेबद्दल, कारण गटावर खरा उपयोगाचा प्रश्न एका ताईने विचारला होता: "पुढे करायचं काय?" तिला एकानेही उत्तर दिले नाही, सगळे चोराची जात ठरवण्यात गुंतले होते.

बाजूची काच समोरच्या काचेसारखी नसते. समोरची दोन थरांची, मध्ये पापुद्रा असलेली, म्हणून ती तडकते पण चिकटून राहते. बाजूची कडक केलेली असते आणि फुटली की साखरेच्या खड्यांसारखे दाणे होतात. म्हणून आधी हात घालू नका. फोटो काढा, बाहेरून, आतून, नंबरप्लेटसह. पॉवर विंडोचे बटण दाबू नका. निम्मे दाणे दरवाजाच्या पोटात पडलेले असतात, बटण दाबले की काच उचलणारी मशीन त्यात अडकते आणि दोन हजारांचे काम पाच हजारांवर जाते. रात्रीपुरते जाड प्लास्टिक बाहेरून चिकटवा. मिस्त्रीकडे गेल्यावर तो दरवाजाचे पॅड उघडेल. दाणे व्हॅक्यूमने पूर्ण काढून घ्या, नाहीतर महिनाभर प्रत्येक खड्ड्यात दरवाजा खुळखुळ्यासारखा वाजतो. रबराची खाच साफ झाली का बघा. नव्या काचेवर कंपनीचा शिक्का आणि आयएसआयची खूण हवी. भंगारातली काच स्वस्त मिळते आणि तीही चालते, फक्त त्याच मॉडेलची असल्याची खात्री करा. आम्हाला काच आणि मजुरी मिळून २,१०० रुपये लागले, वेळ दीड तास. मिस्त्री म्हणाला, काळी फिल्म लावून घ्या म्हणजे आतली बॅग दिसणार नाही. लावू नका. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म चिकटवायला बंदी घातली. बॅगच ठेवू नका.

विम्याचे थोडक्यात. पॉलिसी सर्वसमावेशक असेल तर काचेचा खर्च मिळतो आणि काचेवर घसारा कापत नाहीत. पण लहान गाडीला पहिले हजार रुपये आपल्या खिशातून जातात आणि दावा केला की नो क्लेम बोनस जातो. ज्याची सूट चढत चढत ५० टक्क्यांवर पोचली आहे त्याने दोन हजारांच्या काचेसाठी दावा करणे म्हणजे घाट्याचा सौदा. गाडीतून गेलेली बॅग, लॅपटॉप, मोबाइल गाडीच्या विम्यात येत नाही.

तरी तक्रार द्याच. कागदपत्रे, ओळखपत्र, सिमकार्ड गेले असेल तर ती लागतेच. बीएनएसएसच्या कलम १७३ खाली दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणे ठाण्याचे काम आहे. चोरी बीएनएस कलम ३०३, नुकसान ३२४. 'संशयित' या रकान्यात एकच शब्द लिहायचा: अज्ञात. जमादार सुचवेल ते नाव, ती वस्ती, ती जात लिहू द्यायची नाही. लिहिली असेल तर सही करायच्या आधी खोडायला लावायची. आम्ही तेच केले. जमादार म्हणाला, "मग तपास कुठनं सुरू करू?" आम्ही म्हणालो, समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यापासून करा. तो हसला. कॅमेऱ्याचे चित्रण बघायला अजून कुणी गेलेले नाही. हीच तर मेख आहे. वस्तीचे नाव मिळाले की कॅमेरा बघावा लागत नाही. दोन पोरे उचलली, तपास 'प्रगतीवर'. जातीवर संशय घेणे ही नुसती नीतीची चूक नाही, तो तपासाचा आळस आहे, आणि त्याचा फायदा खऱ्या चोराला मिळतो. आपली बॅग त्यामुळेच परत येत नाही.

नाव लिहून दिले तर काय होते, तेही सांगतो. मागच्या हिवाळ्यात अशाच एका काच फोडण्याच्या प्रकरणात तक्रारदाराने 'तिकडची पोरं' एवढेच सांगितले होते. एकोणीस वर्षांचा एक मुलगा उचलला गेला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो रात्रपाळीला होता. काच फुटली त्या वेळी तो यंत्रमागावर उभा होता, कारखान्याच्या वहीत त्याची हजेरी होती. ही हजेरी कुणी विचारली नाही. दोन रात्री ठाण्यात ठेवले. अटकेची नोंद नाही, पंचनामा नाही, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे नाही. तिसऱ्या दिवशी त्याची मावशी आमच्याकडे आली, आम्ही वकिलाला घेऊन गेलो तेव्हा "चौकशीला बोलावलं होतं" म्हणून सोडला. पायाच्या तळव्यांवर वळ होते. वैद्यकीय तपासणी करू म्हटले तर तोच नको म्हणाला. इथेच राहायचे आहे, असे म्हणाला. कारखान्याच्या मालकाने त्याला कामावर घेतले नाही. पोलीस विचारत येतात तो मुलगा कशाला ठेवायचा? तक्रारदाराच्या गाडीला दुसऱ्या दिवशीच नवी काच बसली होती. तो तक्रारदार कोण होता हे आम्ही इथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की त्याच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे.

यावर उत्तर ठरलेले असते. "पण दादा, सापडतात ते तिकडचेच ना?" जिथे शोधाल तिथेच सापडेल. दर चोरीनंतर एकाच वस्तीची झडती घेतली तर रेकॉर्डवर त्याच वस्तीची नावे वाढणार, आणि ते रेकॉर्ड दाखवून पुढची झडती घेतली जाणार. कुणी चोरी केली असेल तर त्या माणसाला पुराव्यानिशी पकडा, खटला चालवा, शिक्षा करा, आमची त्याला ना नाही. आमचीही बॅग गेली आहे, डबा पितळी होता. पण एका मारवाडी व्यापाऱ्याने बँक बुडवली तर आपण मारवाडी गल्लीची झडती घ्या म्हणत नाही. आपल्यातल्या एखाद्याने संस्थेचे पैसे खाल्ले तर "बौद्धच असे" म्हटलेले आपल्याला खपत नाही. मग पारध्याच्या बाबतीत एका माणसाचा गुन्हा जमातीचा कसा होतो?

दुसरे उत्तर जास्त कडवट आहे. "ते लोक आपल्याला मत देत नाहीत, मोर्च्याला येत नाहीत." मोर्च्याला यायला जामीन लागत नाही असा माणूस असावा लागतो. आणि आपण त्यांच्या मोर्च्याला किती गेलो? राज्यात विमुक्त जाती अ प्रवर्गाला ३ टक्के आरक्षण आहे, पण केंद्रात त्यांची वेगळी यादी नाही. रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, नंतर इदाते आयोगाने दिला, दोन्ही धूळ खात आहेत. विदर्भातल्या आठ जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आहे आणि सोलापुरातला कैकाडी नाही. म्हणजे अकोल्यातल्या कैकाड्याला अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण आणि त्याच्या सोलापूरच्या मेव्हण्याला नाही. हा प्रश्न आपल्या एकाही जयंती मंडळाच्या फलकावर आम्ही पाहिला नाही.

अॅट्रॉसिटी कायद्याचेच पुढे बघा. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहे. त्याच्याविरुद्ध खोटी माहिती सरकारी नोकराला देऊन त्याला त्रास होईल असे करणे, हा त्या कायद्याच्या कलम ३(१) खाली गुन्हा आहे. सवर्णाने तसे केले तर आपणच ठाण्यासमोर ठिय्या देऊ. पण हा कायदा अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या आरोपीलाच लागतो. आपण अनुसूचित जातीचे, म्हणून आपण तेच केले तर आपल्याला तो लागत नाही. ज्या कायद्याच्या रक्षणासाठी २ एप्रिल २०१८ ला आपण रस्त्यावर उतरलो, त्याच कायद्यातली ही फट आपल्या कामी यावी, हे आम्हाला सहन होत नाही.

म्हणून काही गोष्टी मागतो, त्याही आपल्याच संघटनांकडे. गटांच्या अॅडमिननी चोरीच्या फोटोखाली जातीचे किंवा वस्तीचे नाव लिहिलेला संदेश काढून टाकावा आणि लिहिणाऱ्याला कारण सांगावे. आमच्या गटावरची ती ओळ अजून तशीच आहे. ज्यांच्या गाडीची काच फुटेल त्यांच्यासोबत ठाण्यात एक कार्यकर्ता जाईल, 'अज्ञात' हा शब्द लिहून घेईल आणि परिसरातल्या दुकानांना सीसीटीव्हीचे चित्रण राखून ठेवण्याची विनंती लेखी देईल. चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून हे त्याच दिवशी. वस्तीतून कुणी उचलले गेल्याचा फोन आला तर विचारायचे चार प्रश्न आधीच पाठ हवेत: अटक आहे की चौकशी, कलम ३५(३) ची नोटीस दिली का, नातेवाइकाला कळवले का, वकिलाला भेटू देता का. आणि ठाण्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण राखण्याचा अर्ज. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश आहे.

वकिलांची यादी आपल्याकडे आहे, पण ती अॅट्रॉसिटीच्या प्रकरणांपुरती वापरली जाते. ती विमुक्त वस्त्यांसाठी उघडायची आहे. रात्री अकरानंतर फोन उचलतील असे किमान पाच वकील हवेत. तिघांनी होकार दिला आहे. अजून दोघांची गरज आहे, आणि येत्या ३१ ऑगस्टच्या आत ही यादी छापून सेटलमेंटच्या सहाही कॉलन्यांत घरोघर वाटायची आहे. वाटायला गाडी आमची आहे, काच बसलेली आहे.